मी तर कधी आवाजही चढवला नाही, मग अनादर कुठे झाला?

पत्राचा सारांश: ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत राहणारे हे वाचक ६२ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे अध्यक्ष आहेत. मागच्या वर्षी त्यांच्याच पुढाकाराने सर्वसाधारण सभेत ठराव झाला की घरकामाच्या बायका, डिलिव्हरीवाले आणि सफाई कर्मचारी यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरायची. उरलेल्या दोन लिफ्ट रहिवाशांच्या. एका सकाळी सर्व्हिस लिफ्ट देखभालीसाठी बंद होती. अकरा वर्षं त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशींना वॉचमनने दुसऱ्या लिफ्टपाशी अडवलं. गुडघेदुखी असलेल्या मावशी चौदा मजले चढून आल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत. घराची किल्ली शेजाऱ्यांच्या कामवाल्या बाईंकडून परत पाठवली. त्यावर २६ वर्षांची मुलगी वडिलांना म्हणाली, ‘बाबा, आदर म्हणजे काय हे तुम्हाला कळलेलंच नाही.’ वाचक लिहितात: ‘मावशींनी त्या दिवशी नेहमीसारखं काम केलं, काही बोलल्या नाहीत, आम्हाला संध्याकाळी कळलं. मी त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोललो नाही. अहो-जाहो करतो. दिवाळीला पूर्ण पगाराचा बोनस देतो. मुलाच्या अ‍ॅडमिशनला ३०,००० रुपये उचल दिली. १२,००० अजून बाकी आहेत, एकदाही मागितले नाहीत. रोज चहा देतो, त्यांचा वेगळा कपसुद्धा ठेवलेला आहे. आमच्या घरात आजही सणावाराला मोठ्यांच्या पाया पडतात. मग अनादर कुठे झाला? उलट बापाला असं बोलणं हाच अनादर नाही का? आता मावशींना कोणत्या तोंडाने बोलवू? आणि ७२ घरांच्या सभेत मंजूर झालेला नियम एका बाईसाठी बदलायचा का?’

नमस्कार,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. ‘काही बोलल्या नाहीत, आम्हाला संध्याकाळी कळलं.’ तुम्ही ते ओघात लिहून गेलात. पण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला त्याच वाक्याच्या आसपास दिसतात.

दुखऱ्या गुडघ्यांनी चौदा मजले चढून मावशी दारात पोचल्या, तेव्हा त्यांना दम लागलेला असणार. तरी त्यांनी चपला बाहेर काढल्या, ओट्यापाशी उभ्या राहून भांडी घासली, केर काढला, लादी पुसली आणि परत गेल्या. अकरा वर्षांची ओळख, आणि तीही तुमच्यासारख्या शांत स्वभावाच्या माणसाच्या घरातली. तरी ‘साहेब, आज मला जिन्याने चढून यावं लागलं’ एवढं एक वाक्य त्यांना तुमच्यासमोर बोलता आलं नाही. का बरं आलं नसेल?

हे तुम्हाला पेचात पकडायला विचारत नाही. मला खरंच वाटतं की तुम्ही शोधत असलेलं उत्तर इथे आहे. समोरचं माणूस आपल्यापाशी तक्रार करू शकतं का, ‘नाही’ म्हणू शकतं का, आणि तसं म्हटल्यावरही त्याची जागा तशीच राहील अशी खात्री त्याला आहे का, यावरून मी आदर ओळखते. गोड बोलणं, बोनस, अहो-जाहो या चांगल्याच गोष्टी आहेत. पण हे सगळं असूनही समोरच्या माणसाचं तोंड बंद राहू शकतं, तसं ते मावशींचं राहिलं.

त्या का बोलल्या नसतील, याचा अंदाज बांधता येतो. पहिलं कारण त्या १२,००० रुपयांचं. तुम्ही एकदाही मागितले नाहीत, यात तुमचं मन मोठं आहे. पण तुम्ही उभा जन्म बँकेत काढला आहे. हप्ता न ठरवता दिलेलं कर्ज घेणाऱ्याला कसं वाटतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. कधी मागतील, कशावरून मागतील, आपण काही बोललो तर उद्याच मागतील का, हे ठाऊक नसतं. असं माणूस त्या घरात जपून वागतं आणि जपून बोलतं. दुसरं कारण सरळ आहे. लिफ्टच्या दाराशेजारी लावलेल्या नोटिशीखाली अध्यक्ष म्हणून तुमची सही असणार. ज्यांची सही आहे त्यांच्याकडेच तक्रार घेऊन कसं जायचं?

तुमच्या दयाळूपणाबद्दल मला शंका नाही. फक्त दया आणि आदर यांचा हिशेब एका वहीत ठेवू नका, एवढंच सांगते. दया देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. तुम्ही बोनस दिलात तर मिळाला, नसता दिला तर मावशी मागायला येणार नव्हत्या. आदराच्या बाबतीत मात्र समोरच्याचा आपल्यावर हक्क चालतो. त्यात त्याची सोय, त्याचा वेळ, त्याचे दुखरे गुडघे हे आपण निर्णय घेण्याआधी विचारात घ्यावे लागतात.

अमेरिकन तत्त्वज्ञ स्टीफन डारवॉल यांनी १९७७ मध्ये आदराचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले होते. एक आदर कमवावा लागतो. एखाद्याची विद्या, कर्तृत्व, स्वभाव पाहून आपल्या मनात तो येतो आणि तो कमी-जास्त होतो. दुसरा कमवावा लागत नाही. समोर माणूस आहे, एवढ्यावरच तो देणं लागतो, आणि त्याचा अर्थ इतकाच की आपण काय करायचं हे ठरवताना त्या माणसाचं असणं मोजायचं. आपल्याकडे पहिल्या प्रकाराची सवय मोठी आहे. वय, पद, शिक्षण, लग्नातला मानपान, सणाला पाया पडणं, हे सगळं खालून वर जातं. पण दुसरा प्रकार आपल्याला परका आहे असंही नाही. आषाढीच्या वारीत बघा. सत्तरीचे आजोबा विशीतल्या पोराच्या पाया पडतात, ते पोरही त्यांच्या पाया पडतं, आणि दोघं एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. कोण कुठल्या गावचा, काय करतो, हे कोणी विचारत नाही. तुमच्या घरात पाया पडण्याची रीत जपली आहे, याचा मला आनंदच आहे. ती एकाच दिशेने चालते का, एवढं जरा बघा.

आता मुलीबद्दल. तिचं वाक्य बोचरं होतं. तुम्हाला लागलं, ते लागण्यासारखंच होतं, आणि ‘मुद्दा बरोबर असेल, पण असं बोललीस ते मला लागलं’ असं तुम्ही तिला खुशाल सांगा. मुलांनी बापाच्या भावना जपू नयेत, असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण वडिलांशी मतभेद असणं किंवा ते तोंडावर सांगणं याला मी अनादर म्हणणार नाही. जिथे माणसाला किंमत नसते तिथे कोणी वाद घालायला बसत नाही. मान हलवतात आणि आपल्या खोलीत निघून जातात. तिला तुमच्याकडून अपेक्षा आहे, म्हणून ती चिडली. शिवाय असं बघा, तुमच्या घरात मुलगी हे बोलू शकली. तिला बोलता येईल, पटलं नाही तरी बाबा जेवायचं थांबवणार नाहीत, ही खात्री तुम्हीच तिला लहानपणापासून दिली असणार. म्हणजे मी वर ज्याला आदर म्हटलं तो तुम्हाला करता येतो, मुलीच्या बाबतीत तुम्ही तो केलेला आहे. तो ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचला नाही, इतकंच.

तिलाही एक गोष्ट विचारा, रागाने नको. मावशी न आल्यावर तिने त्यांना फोन केला का? त्यांना काय हवं आहे, हे विचारलं का? मावशींच्या वतीने भांडणारेही पुष्कळदा त्यांना न विचारताच भांडतात.

तुमच्या यादीतला वेगळा कप. हे लिहिताना मला जड जातंय, कारण तुम्ही तो चांगुलपणाच्या खात्यात लिहिला आहे आणि तुमच्या मनात वाईट काही नाही हे स्पष्ट दिसतं. तरी एकदा बघून या, तो कप कुठे ठेवलेला असतो. बहुतेक घरांत तो बाकीच्या कपांबरोबर मांडणीवर नसतो. सिंकवरच्या खिडकीत किंवा कोरड्या बाल्कनीत वॉशिंग मशीनपाशी पालथा घातलेला असतो. घरातले सगळे कप रोज ज्या हातांनी धुतले जातात, त्या हातांना चहा घ्यायला त्यातला एकही चालत नाही. विचारलं तर लोक म्हणतात, ‘स्वच्छतेसाठी’ किंवा ‘आईच्या वेळेपासून तसंच आहे’. मला वाटतं, लिफ्टचा ठराव सोसायटीच्या सभेत होण्याच्या कितीतरी आधी घराघरांत झालेला असतो. आजपासून मावशींचा किंवा जे कोणी कामाला येईल त्यांचा चहा तुमच्याच कपातून द्या. त्याची घोषणा करू नका, कौतुकही करून घेऊ नका.

आता नियमाकडे येते. तुमच्या बाजूची कारणं मला माहीत आहेत, कारण ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांमधून येणाऱ्या पत्रांत ती वारंवार येतात. सकाळी आठ ते दहा लिफ्टसमोर रांग लागते, शाळेची मुलं, ऑफिसला निघालेले लोक खोळंबतात. सामानाने लिफ्टच्या भिंती खरवडतात. सुरक्षेचा प्रश्न असतो. शिवाय २०२० च्या टाळेबंदीत अनेक सोसायट्यांनी बाहेरून येणाऱ्यांसाठी वेगळे नियम केले आणि साथ गेली तरी त्यातले काही तसेच राहिले.

रांगेची अडचण खरी आहे. सामानाचीही खरी आहे. सुरक्षेची मात्र मला पटत नाही. मावशींची नोंद गेटवर झालेली असते, फोटो अ‍ॅपवर असतो, परत जाताना अनेक ठिकाणी केबिनपाशी पिशवी उघडून दाखवावी लागते, त्यात डबा आणि घाम पुसायचा नॅपकिन याखेरीज काही नसतं. एवढ्या तपासणीनंतर त्या कोणत्या लिफ्टने वर गेल्या, याने चोरी कशी थांबणार?

आणि रांग खरी असेल तर ती त्यांच्यासाठीही खरी आहे. तुमच्या सर्व्हिस लिफ्टपाशी सकाळी पंधरा मिनिटं उभे राहून बघा. पाण्याचे जार, सुताराच्या प्लायच्या पाट्या, कचऱ्याचे ड्रम, आणि त्यातच लोकमान्यनगरहून, मानपाड्याच्या चाळींतून शेअर रिक्षाने आलेल्या बायका. त्यांतल्या बहुतेकींची दिवसाला चार-पाच घरं असतात. पहिल्या घरी पंधरा मिनिटं उशीर झाला की तो पुढच्या प्रत्येक घरी वाढत जातो, आणि प्रत्येक दारात ‘आज फार उशीर?’ हे ऐकावं लागतं. तुमच्या ठरावाने तुमची पाच मिनिटं वाचली. त्या बदल्यात त्यांची किती गेली, हे सभेत कोणी विचारलं नसावं.

कोणी म्हणेल, लिफ्ट आहे ना त्यांना, चालत या असं तर सांगितलं नाही. इथे मला महाड आठवतं. चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर २० मार्च १९२७ रोजी गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी स्वच्छ सांगितलं की त्या तळ्याचं पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मरणार नाही; इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे प्रस्थापित करायला आपण तिथे जात आहोत. त्या अन्यायाचं आणि तुमच्या लिफ्टचं वजन सारखं नाही, तसं म्हणणं त्या लढ्यावरही अन्याय होईल. पण सोय मिळते की नाही यापलीकडेही एक प्रश्न असतो, हे आपल्या महाराष्ट्रात तरी कोणाला नव्याने सांगावं लागू नये. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा हे शब्द आहेत, आणि त्या व्यक्तीचा पत्ता किंवा तिचं काम तिथे विचारलेलं नाही.

बहुमताचा तुमचा मुद्दाही तपासून पाहा. सभेत ज्यांनी हात वर केले त्यांतल्या एकालाही तो नियम पाळायचा नव्हता. ज्यांना पाळायचा होता त्या सभेला नव्हत्या, त्यांना कोणी विचारलंही नाही. कायद्याने त्यांना मत नाही हे मान्य. पण ज्याच्यावर नियम लागणार त्याला विचारायला कायदा आडवा येत नाही.

मग करायचं काय? सभेची वाट न पाहता एक काम आजच करता येईल. अध्यक्ष म्हणून लेखी सूचना काढा की कोणतीही एक लिफ्ट बंद असेल तेव्हा उरलेल्या सगळ्यांसाठी खुल्या राहतील. लेखीच काढा, कारण वॉचमनला तोंडी सूचना देऊन भागत नाही. त्या दिवशी त्याने मावशींना अडवलं ते तुमचा ठराव पाळण्यासाठी. न अडवता तर एखाद्या सभासदाने त्यालाच फैलावर घेतलं असतं. त्याला दोष देऊ नका. आणि केबिनमध्ये त्याला बसायला धड खुर्ची आहे का, तेही बघा.

पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर बदल ठेवा. माझी सूचना अशी की नियम माणसावर लावू नका, सामानावर लावा. ज्याच्याकडे हातगाडी, फर्निचर, सिमेंटची गोणी किंवा कचऱ्याचा ड्रम असेल त्याने सर्व्हिस लिफ्ट वापरायची, मग तो फ्लॅटचा मालक असो की हमाल. हातात फक्त पिशवी असेल त्याने कोणत्याही लिफ्टने जावं. सकाळच्या गर्दीसाठी लहान मुलं, आजारी आणि वयस्कर माणसांना आधी जाऊ द्यावं, त्यात मावशींसारख्या गुडघेदुखीवाल्याही आल्या. सभेत विरोध होईल. काही जण म्हणतील, अध्यक्षांची बाई गेली म्हणून आता पुळका आला. येऊ द्या तो आरोप. त्यावर ‘हो, तिच्यामुळेच माझ्या लक्षात आलं’ असं म्हणायला तुम्हाला कमीपणा वाटू नये. ठराव फेटाळला गेला तरी पुढच्या सभेत पुन्हा मांडा. आणि मधल्या काळात तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला तुमच्याबरोबर घेऊन रहिवाशांच्या लिफ्टने जायला तुम्हाला कोण अडवणार आहे?

मावशींकडे कसं जायचं, हा तुम्हाला सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न. निरोप पाठवू नका. वॉचमनकडूनही नको आणि शेजारच्या बाईंकडूनही नको. स्वतः फोन करा आणि भेटायला कधी, कुठे येऊ असं विचारा. न कळवता त्यांच्या दारात जाऊन उभे राहू नका, त्यांच्या घरात चार माणसांसमोर त्यांना अवघडायला होईल. त्या घरी नको, बाहेर भेटू म्हणाल्या तर तसं करा. आधीच्या महिन्यातले कामाचे दिवस मोजून तो पगार वेगळा आणि आधी देऊन टाका. तो माफीच्या बरोबर हातात ठेवू नका. साडी, मिठाई काही नेऊ नका.

बोलताना ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ अशी सुरुवात नको. जे झालं ते नाव घेऊन सांगा: तो नियम मी आणला, तुम्हाला विचारलं नाही, त्यामुळे तुम्हाला चौदा मजले चढावे लागले, हे चुकलं. मग थांबा. त्यांना बोलू द्या, त्या काहीच बोलल्या नाहीत तर तेही चालेल. ‘उद्यापासून येताय ना?’ हा प्रश्न त्याच दमात विचारलात तर सगळी माफी त्यांना कामाला परत नेण्याची युक्ती वाटेल. तो प्रश्न काही दिवसांनी विचारा.

उचलीचं वेगळं बोला. तुम्ही परत या किंवा नका येऊ, त्या १२,००० चा त्याच्याशी संबंध नाही, असं स्पष्ट सांगा आणि फेड कशी सोयीची पडेल ते त्यांनाच ठरवू द्या. रक्कम एकदम माफ करून टाकावी असं तुम्हाला वाटेल, पण घाई करू नका. घेतलेले पैसे फेडणं ही त्यांच्या मानाची गोष्ट असू शकते, आणि ती तुम्ही न विचारता काढून घ्याल.

हे उत्तर फक्त तुमच्यापुरतं नाही, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सगळ्याच वाचकांना सांगते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते आणि त्यासाठी काम देणाऱ्या घराचा दाखला लागतो. ही सही द्यायला कितीतरी सुशिक्षित घरं कचरतात. ‘उद्या हक्क सांगायला लागली तर?’ हाच त्यामागचा विचार असतो. बोनस द्यायला पुढे होणारा हात इथे मागे जातो. पगाराची तारीख ठरवून ती पाळणं, आठवड्याची सुट्टी पगारी असणं, आजारपणात खाडा न कापणं, आपण गावाला गेलो तरी त्या दिवसांचे पैसे देणं, या गोष्टीही अशाच आहेत. ऐरोली-महापेच्या ऑफिसांत काम करणारे वाचक विचारतात की हाउसकीपिंगच्या मुलांशी आम्ही कसं वागावं. त्यांनाही माझं हेच सांगणं आहे: हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणता ते छानच, पण त्यांना जेवायला बसायची जागा कुठे आहे, ते बघून या आणि नसेल तर अ‍ॅडमिनला लेखी कळवा.

मावशी कदाचित परत येणार नाहीत. त्यांनी दुसरी घरं धरली असतील, किंवा तो जिना त्यांना विसरता येत नसेल. त्या ‘नाही’ म्हणाल्या तर कारण विचारू नका, दुसऱ्यांदा आग्रह करू नका. मात्र भेटायला जाल तेव्हा मंडळाच्या नोंदणीचं त्यांना विचारा, आणि त्यांना हवा असेल तर दाखल्यावर सही करून द्या. त्या परत आल्या नाहीत तरीही द्या, कारण तुमच्या घरी त्यांनी काम केलं आहे आणि त्या कागदात एवढंच लिहायचं असतं.